सव्वीस तारखेचा रतीब

१

बँकेच्या कागदावर चोरी सापडली तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकतो. लाज वाटण्यासारख्या गोष्टी पुढं बऱ्याच आहेत, पण पहिली ही.

जूनचा पहिला आठवडा होता. पासबुक छापायचं यंत्र चार महिने बंद, म्हणून उचगावच्या आमच्या बँकेनं फेब्रुवारीपासूनचं स्टेटमेंट हातात दिलं. मी सोप्यावर बसून ते ओळीनं वाचायला लागलो. सव्वीस फेब्रुवारी, दोनशे नव्व्याण्णव रुपये, व्हीटीके इन्फोमीडिया. सव्वीस मार्च, तेवढेच, तेच नाव. एप्रिलात तेच आणि मेमध्येही तेच. ही कंपनी कोण, कुठली, मला ठाऊक नव्हतं.

मी सयाजी मगदूम. बत्तीस वर्षं वारणानगरला साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आला, कुणी कुणाच्या नावानं हजेरी लावली, हे पकडणं माझं काम. माझ्या हातून कुणी सुटला नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक विसरले तर मी आठवण करून द्यायचो. निवृत्त झाल्यापासून पकडायला कुणी उरलं नव्हतं. त्यामुळं त्या चार ओळींखाली लाल पेनानं रेघ मारताना माझा हात शिवशिवत होता.

कागदावर एकेक रुपयाच्याही पुष्कळ ओळी होत्या, पण त्या माझ्याच. एकदा माझे दोन हजार भलत्याच माणसाला गेले. तेव्हापासून मी कुणालाही मोबाईलवरून पैसे द्यायचे झाले की आधी एक रुपया पाठवतो, नाव बरोबर आहे का बघतो, आणि मग उरलेली रक्कम सोडतो. पेट्रोल असो की कोथिंबीर. गल्लीत मला माघारी ‘एक रुपया साहेब’ म्हणतात.

"अहो, बँकेचा मेसेज येत न्हाय व्हय तुम्हाला?" माझी बायको शालूबाई आतून म्हणाली.

"दिवसाला दहा येतात. कर्ज घ्या, कार्ड घ्या. कोण वाचतंय?"

"मग मोबाईलातच काहीतरी असंल."

मी मोबाईल तिच्यापुढं धरला. "बघ. भजनं, बातम्या, हवामान. माझ्या मोबाईलवर असली थेरं नाहीत. कुणीतरी घरातल्यानंच हात मारलाय."

मी चष्मा पुसला आणि तपासाला लागलो.

२

माझ्याशिवाय तो मोबाईल तिघांच्या हातात गेला होता.

पहिली आमची सून क्रांती. मुलगा विजयसिंह चाकणला कंपनीत असतो, महिन्यातून दोनदा येतो. ही राजारामपुरीत दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. संध्याकाळी दमून आली, पायातली चप्पलही काढली नव्हती, तोवर मी तिच्यापुढं कागद धरला.

"मामा, माझं टीव्हीचं ॲप माझ्या पगारातनं जातंय," ती म्हणाली. "विश्वास नसंल तर बघा."

तिनं मोबाईल पुढं केला. तिला वाटलं असणार, मी नको म्हणेन. मी तो हातात घेतला आणि बघितला. सुनेचा मोबाईल, तिच्या देखत, एकेक करून. तिचा चेहरा एवढासा झाला. तिचे पैसे खरोखरच तिच्या खात्यातून जात होते.

मोबाईल परत घेताना ती खाली बघत म्हणाली, "जानेवारीत तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तुमचा मोबाईल गुंडूतात्यांकडं हुता की."

दुसरा दिलदार. नाक्यावर त्याचं मोबाईलचं दुकान आहे, माझा मोबाईल त्यानंच चालू करून दिला होता. मी गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारलं, तर तो हसला.

"साहेब, कागदावर कंपनीचं नाव येतंय आणि ॲपचं नाव येगळंच असतंय. ह्या नावावरनं तुम्हाला काय बी कळायचं न्हाय."

"पण माझ्या परवानगीशिवाय पैसे जातात कसे?"

"परवानगी एकदा दिलेली असतीया. पैल्यांदा पिन मारला की झालं. मग दुधाच्या रतिबागत दर महिन्याला आपसूक जातंय, परत पिन इचारत न्हाय."

"ॲप तर मोबाईलमध्ये कुठं दिसत नाही."

"ॲप काढून टाकलं तरी रतीब चालूच ऱ्हातोय. आपण दार लावून घेतलं म्हणून दूधवाला यायचा थांबतोय व्हय? त्याला बंद कर म्हणून सांगाय लागतंय." मग त्यानं कामाचा प्रश्न विचारला. "साहेब, तुमचा पिन कुणाकुणाला ठावं हाय?"

"मला."

"आणि?"

मला उत्तर मिळालं होतं. पिन मी एकाच माणसाला सांगितला होता. माझा धाकटा भाऊ गुंडू.

ऑपरेशनच्या वेळी माझी साखर वाढलेली, त्यामुळं दवाखान्यात बारा ते सोळा जानेवारी काढावे लागले. तेवढे दिवस मोबाईल आणि पिन दोन्ही गुंडूकडं होतं. मी घरी आलो त्याच दिवशी शाहूवाडीहून शालूबाईच्या भावाची वाईट खबर आली आणि ती बाराव्यापर्यंत तिकडंच राहिली. क्रांती दिवसभर कामावर. गुंडूचं घर आमच्या भिंतीला लागून, तेव्हा दुपारचा डबा तोच आणायचा. पहिले दोन दिवस उशाशी बसून त्यानं मला घास भरवले. पुढं मात्र डबा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून, हाकसुद्धा न मारता निघून जायला लागला. नंतरही कितीतरी दिवस तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. आता कळलं असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

३

गुंडूला मी सकाळी गोठ्यात गाठलं. त्यानं कागद बघितला, लाल रेघा बघितल्या, आणि म्हणाला, "दादा, नंतर बोलू की. आज अनुजाचं पावणं येणार हायत."

अनुजा त्याची एकुलती एक मुलगी. वारणानगरच्या आकाराम खोतांच्या विश्वजितशी तिचं जुळत आलं होतं. त्या संध्याकाळी खोत नवराबायको सुपारीची तारीख धरायला येणार होते. सुपारी फुटली की लग्न पक्कं. आकाराम कारखान्यात माझ्या हजेरीखाली होता. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून मी एकदा त्याचा अर्धा दिवस कापला होता.

संध्याकाळी गुंडूच्या सोप्यात सगळे बसलो. पोहे झाले, चहा झाला. आकाराम हसत म्हणाला, "साहेब, तुमच्या फाटकातनं चिमणी बी रजा टाकल्याशिवाय आत येत नव्हती."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कौतुक ऐकलं की माझी जीभ सैल सुटते.

"अजूनही तसंच आहे," मी म्हणालो. "कालच एक चोर पकडलाय. चार महिने माझ्या खात्यातून पैसे काढत होता. कुठलं तरी मोबाईलवरचं करमणुकीचं प्रकरण. अकराशे शहाण्णव रुपये."

"कोण हो?"

"गुंडूला विचारा."

आतल्या दारात अनुजा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मला वाटलं, गुंडू चिडेल, नाकारेल, मग मी तारखांनिशी त्याला उघडा पाडेन. तो उठला, आत गेला आणि दुधाच्या बिलाचे आलेले पैसे घेऊन बाहेर आला. शंभराच्या पंधरा नोटा त्यानं माझ्या हातात ठेवल्या.

"माझ्याच हातनं झालं असंल, दादा. जानेवारीचं बी धर."

जानेवारीचं! माझ्या कागदात जानेवारी नव्हताच, आणि हा आपण होऊन एक महिना जास्त कबूल करत होता. मी आकारामकडं विजयी मुद्रेनं बघितलं. मग नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या आणि खिशात घातल्या.

आकाराम उठला. "तारखेचं बघू मागनं," तो म्हणाला, आणि नवराबायको गाडीत बसून निघून गेले.

४

तीन दिवस वारणानगरहून फोन आला नाही. शालूबाई माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची आणि उठून जायची.

चौथ्या दिवशी सकाळी अनुजा आली. ही पोरगी लहानपणी माझ्या सायकलच्या नळीवर बसून गावभर फिरलेली. अकरावीत असताना मोबाईलवर गाणी ऐकत बसते म्हणून मीच गुंडूला सांगून तिचा मोबाईल महिनाभर काढून घेतला होता. ‘मोबाईलनं माणसाची अब्रू जाते’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

"आबा, त्यो कागद द्या," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्थिर. "कुलसुमभाभींस्नी दाखवती. बाबांनी केलं असंल तर मी सोताच खोतांस्नी फोन करून न्हाय म्हणती. आणि केलं नसंल, तर तुम्ही यायचं आणि चारचौघांत सांगायचं."

"तुझ्या बापानं कबूल केलंय, पोरी."

"कबूल केलंय म्हणूनच माझा विश्वास बसंना झालाय. बाबा जर्दा खाल्लेलं बी धा वेळा न्हाय म्हणत्यात."

मी तिच्याबरोबर निघालो. कुलसुमभाभी शिकलगार यांचं ग्रामपंचायतीशेजारी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अर्ध्या उचगावाची बँकेची आणि सरकारची कागदपत्रं त्यांच्या नजरेखालून जातात. पन्नाशी उलटलेली बाई, कामापुरतंच बोलणारी. पोलीस पाटलालाही कुणाच्या सहीची शंका आली तर तो तिथं येऊन बसतो.

त्यांनी माझा कागद घेतला आणि लाल रेघांकडं बघितलंच नाही. खाली लाकडी पट्टी धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. पाच मिनिटं गेली.

"साहेब, गुंडूभाऊनं किती पैसे दिले?"

"पंधराशे."

"तुम्ही मागितले किती?"

"अकराशे शहाण्णव. पण त्यानं जानेवारीचेही दिले. म्हणजे चोरी जानेवारीपासूनची, आणि ते चोरालाच ठाऊक असणार."

"किंवा," कुलसुमभाभी म्हणाल्या, "चोर कोण हाय ह्ये ज्याला ठावं हाय त्याला."

त्यांनी माझ्या मोबाईलवरून जानेवारीचं स्टेटमेंट काढलं आणि छापलं. त्यात सव्वीस जानेवारीला दोनशे नव्व्याण्णव होतेच. गुंडूनं अचूक सांगितलं होतं. मी अनुजाकडं बघितलं. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

पण कुलसुमभाभींची पट्टी सव्वीस तारखेवर थांबली नाही. ती वर सरकत गेली आणि एका ओळीखाली थांबली. बराच वेळ त्या ती ओळ बघत होत्या. मग त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अनुजा, तिकडनं तीन चहा सांगून ये जा. घेऊनच ये."

५

ती गेल्यावर कुलसुमभाभींनी दुकानाचं दार पुढं ओढलं.

"साहेब, तुमचं एक रुपयाचं सगळ्या गावाला ठावं हाय. ह्या दोन्ही कागदांवर मिळून एकतीस येळा एक रुपया गेलाय. त्यातल्या तिसांच्या खाली त्याच दिवशी, त्याच नावाला मोठी रक्कम हाय. व्हय का न्हाय?"

"हो."

"ही तुमच्या हाताची खूण. आता बारा ते सोळा जानेवारी बघा. दवाखान्याला अठरा हजार एका दमात. औषधाला नऊशे एका दमात. ह्या पाच दिवसांत एक बी एक रुपया न्हाय. हा गुंडूभाऊचा हात. सतराला डोळ्यांत घालायच्या औषधाचे आधी एक रुपया, मग सहाशे चाळीस. म्हणजे सतराला मोबाईल तुमच्या हातात परत आला."

मी मान हलवली. इथवर मला हिशेब आवडत होता. कुणीतरी माझ्यासारखंच काम करतंय असं वाटत होतं.

"राहिला एकतिसावा रुपया. एकोणीस जानेवारी, सोमवार, नाव व्हीटीकेचंच. ह्याच्या खाली काय बी न्हाय. सात दिवसांनी, सव्वीसला, पैलं दोनशे नव्व्याण्णव." त्यांनी माझा मोबाईल माझ्यापुढं ठेवला. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये त्यांनी एक पान उघडलं होतं, जे मी कधी उघडलं नव्हतं. "आपोआप जाणाऱ्या पैशांची यादी हितं असतीया. व्हीटीके इन्फोमीडिया. ॲपचं नाव गूजकथा. परवानगी दिली एकोणीस जानेवारी, दुपारी दोन वाजून धा मिन्टं. साहेब, त्या दुपारी घरात कोण कोण हुतं?"

शालूबाई शाहूवाडीला होती. क्रांती कामावर होती.

आता सांगतो. एका डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी, टीव्ही बंद. मोबाईलवर भजनं ऐकत पडलो होतो. मधेच जाहिरात लागली. बाईचा लाडिक आवाज. ‘मालकीण आणि ड्रायव्हर’, एकशे दहा भाग, नुसतं ऐकायचं, पहिले सात दिवस फक्त एक रुपया. एक रुपया म्हटल्यावर माझं बोट आपोआप पिनवर गेलं. एक रुपया म्हणजे पैसे देणं असं मला वाटतच नाही, माझ्या लेखी ती नुसती चाचपणी असते. पुढं काही मोठं द्यायचं झालं तर आपल्याला पुन्हा विचारतील, असं मी धरून चाललो.

सात दिवसांत बासष्ट भाग ऐकले. सासष्ट वर्षांचा माणूस, घरात एकटा, अंगावर पांघरूण घेऊन. शालूबाई यायच्या आदल्या दिवशी ते ॲप काढून टाकलं आणि विषय संपवला. विसरलो होतो असंही म्हणता येणार नाही. आठवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी पाळतो. गूजकथा आणि व्हीटीके यांचा काही संबंध असेल हे मात्र खरोखर डोक्यात आलं नाही. सुनेचा मोबाईल तपासताना नाही, आणि गुंडूच्या नोटा मोजतानाही नाही.

कुलसुमभाभी शहाण्या, त्यांनी गोष्टीचं नाव विचारलं नाही. एका बोटानं त्यांनी ती परवानगी बंद करून टाकली.

"अनुजाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडातनं जाणार न्हाय."

अनुजा चहा घेऊन आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ट्रे तसाच हातात धरून थांबली.

"कंपनीची चूक होती," मी म्हणालो. "तुझ्या बापाचा काही दोष नाही."

एवढं सगळं होऊनही मी हेच बोललो. कुलसुमभाभी खिडकीकडं बघायला लागल्या.

अनुजानं ट्रे खाली ठेवला. "कंपनीची चूक असंल तर बाबांनी पैसे का दिले? त्यांस्नी जानेवारी कसा कळला?"

गुंडूला हे कसं कळलं, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी चहा तसाच ठेवून उठलो.

६

गुंडू म्हशीची धार काढत होता. मला बघून त्यानं कासेवरचा हात थांबवला नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"व्हय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. डबा घेऊन आलतो. दारापत्तुर आलो तर आतनं बाईमाणसाचा आवाज. मला वाटलं वैनी परत आल्या. मग नीट ऐकू आलं. दादा, तुला ऐकाय कमी येतंय, तवा तू आवाज पार मोठा सोडला हुतास. डबा कट्ट्यावर ठेवला आणि गेलो. रोजचंच सुरू हुतं, मग आत तरी कसा येऊ?"

म्हणून तो बाहेरच्या बाहेर जात होता. म्हणून माझ्या नजरेला नजर देत नव्हता. शरम त्याला वाटत होती, आणि ती माझी होती.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी तुला चोर म्हटलं, गुंडू. तुझ्या दारात, तुझ्या पावण्यांसमोर."

"काय बोलू? पावण्यांम्होरं सांगू व्हय, आमचं दादा मालकिणीच्या गोष्टी ऐकत्यात म्हणून? करमणुकीचं प्रकरण म्हटलास तवाच मला कळलं कुठलं त्ये. म्हटलं जानेवारीपासनंच असणार. पैसं दिऊन टाकलं की विषय मिटंल, असं वाटलं." त्यानं बादली बाजूला सरकवली. "तुला समदी साहेब म्हणत्यात. मला काय, गुंड्या चोर म्हटलं तर चार दीस म्हणतील."

"आणि अनुजा?"

एवढा विचार त्यानं केला नव्हता. माझी अब्रू झाकायच्या घाईत आपल्या पोरीचं लग्न उघड्यावर पडेल हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आल्यावर शब्द मागं घ्यायची वेळ गेली होती. तीन दिवस तो हेच गिळत बसला होता.

त्याचे पंधराशे मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले आणि आकारामला जाऊन खरं सांगतो म्हणालो. तो नको म्हणत राहिला. "दादा, वारणेला जाऊन काय सांगू नकोस. मी सांगतो बँकेची चूक झाली म्हणून. मिटवून टाकू."

मिटवून टाकावं असं मलाही वाटत होतं. अगदी खरं सांगतो, फार वाटत होतं. पण कुलसुमभाभींच्या दुकानात एक खोटं बोलून झालं होतं, आणि त्या पोरीनं ते दोन प्रश्नांत फोडलं होतं. आकारामही काही दुधखुळा नव्हता.

७

दुपारच्या एसटीनं वारणानगरला गेलो. ज्या गेटवर बत्तीस वर्षं लोक माझ्यापुढं मान खाली घालून उभे राहिले, त्याच गेटासमोर उतरलो. ओळखीच्या पानवाल्यानं नमस्कार केला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आकारामचं घर कामगारांच्या कॉलनीत आहे. नवराबायको दोघंही घरात होते. मी पाणीही न घेता सगळं सांगितलं. एक रुपया, सात दिवस, गुंडूनं बाहेर ठेवलेला डबा, त्यानं स्वतःवर ओढून घेतलेली चोरी. आकारामनं मधे एकदाच विचारलं, "कसली गोष्ट हुती, साहेब?"

मी नाव सांगितलं. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

"म्हणून सांगतो, गुंडू चोर नाही," मी म्हणालो. "त्याच्यामुळं हे लग्न मोडू नका."

आकाराम म्हणाला, "साहेब, गुंडूरावांनी चोरी केली ह्ये आम्हाला त्या दिशी बी पटलं नव्हतं. दीड हजारासाठी कोण भावाच्या खात्यात हात घालतंय? आम्ही थांबलो त्ये त्यांच्यामुळं न्हाय."

"मग?"

"तुमच्यामुळं. तुम्ही त्या नोटा मोजल्या. सख्ख्या भावानं दिलेल्या, आमच्या म्होरं. आणि एकदा मोजून भागलं न्हाय, दोनदा मोजल्या." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. साहेबाशी असं बोलायची त्याला सवय नव्हती. "कारखान्यात तुम्ही माझा अर्धा दिवस कापला, त्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाय. त्यो नियम हुता. पण गाडीत बसल्यावर ही म्हणाली, ज्या घरात थोरला असा हाय त्या घरात आपल्या पोरानं जायचं-यायचं कसं? उद्या त्याच्या हातनं काय चुकलं तर ह्यो माणूस चारचौघांत त्याची सालटी काढंल."

मी ऐकत होतो. बत्तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या चुका सांगितल्या, तारीख आणि वेळ देऊन. मला माझी कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मी ऐकली नव्हती.

"पोरगी चांगली हाय," शेवटी आकाराम म्हणाला. "बाप तर सोन्यासारखा हाय. रविवारी सुपारी फोडू. गुंडूरावांस्नी मी सोता फोन करतो."

चहा आला. तो मी प्यायलो, कारण नाही म्हणायची लायकी उरली नव्हती.

घरी पोचेपर्यंत फोन येऊन गेला होता. गुंडूच्या दारात बायका जमल्या होत्या, शालूबाई आणि क्रांती त्यांच्यात होत्या. अनुजा मला बघून पुढं आली आणि आमच्या दोन घरांमधल्या बोळात थांबली. तिला सगळं कळलं होतं. गुंडूनं सांगितलं नसणार, आकारामनं सांगितलं असणार.

मी म्हणालो, "पोरी, चुकलो. तुझा मोबाईल काढून घेतला होता, तेव्हाही..."

"त्याचं काय न्हाय, आबा," ती म्हणाली. "तुम्ही काय ऐकलं त्याचं बी मला काय न्हाय. माणूस ऐकतंय, त्यात काय. पण बाबांस्नी तुम्ही चोर म्हटलासा आणि बाबा हात जोडल्यागत उभं ऱ्हायले, त्ये माझ्या डोळ्यांम्होरनं जाईना. मला ते एवढ्यात विसरता यायचं न्हाय. खोटं कशाला बोलू?"

"नको बोलू."

"पण रविवारी या."

रविवारी मी गेलो. घरातला थोरला म्हणून पाटावर बसायचा मान माझा होता. गुंडू दोनदा हाक मारायला आला, दोन्ही वेळा मी त्यालाच बस म्हणालो. मी मागं भिंतीला टेकून, बायकांच्या पलीकडं, शेजाऱ्यांच्या रांगेत बसलो. सुपारी फुटली, पेढे फिरले, अनुजा सगळ्यांच्या पाया पडत रांगेनं आली. माझ्यापाशी येऊन ती वाकली. मी आशीर्वादाला हात उचलला, पण तिच्या डोक्यावर ठेवायचा मला धीर झाला नाही.

तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि ती पुढच्या माणसाकडं गेली.